अकराव्या वळणावरचं दुखणं

तांबडवाडीच्या घाटात अकरावं वळण आलं की सर्जेराव देवकरांच्या कमरेत चमक निघायची. कंबर त्यांचीच, पण दुखणं त्यांचं नव्हे. दुखणं होतं त्यांच्या सीटच्या जरा मागे, पोलादी पेटीत बसलेल्या गिअरबॉक्सचं.

"आलं याचं," असं पुटपुटत ते वायरलेसचं बटण दाबायचे आणि पुढे पायलट जीपमध्ये असलेल्या हणमंताला सांगायचे, "हणमंता, गाडी तापली रं. जरा टेकवतो."

"टेकवा की," हणमंत म्हणायचा. त्याच्या आवाजात हसू असायचं. सर्जेराव ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग नऊशे घोड्यांच्या ताकदीचा तो पुलर, म्हणजे अवजड ओझं ओढणारा ट्रक, आणि त्याच्या मागच्या लांबलचक गाड्यावर आडवं झोपलेलं पवनचक्कीचं नव्वद मीटरचं पातं, अशी सगळी वरात वळणापलीकडच्या सपाट पट्टीवर येऊन थांबायची. पट्टीच्या कडेला शालनबाई मान्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, गवती चहाची दोन झुडपं आणि कढईत तळले जाणारे डांगराचे घारगे. गिअरबॉक्सला दुखायला याहून सोयीची जागा त्या घाटात दुसरी नव्हती.

सड्यावरच्या, म्हणजे घाटमाथ्यावरच्या पठारावरच्या, जुन्या पवनचक्क्या मोडून तिथे तिप्पट उंचीच्या नव्या उभ्या करायचं काम त्या दिवसांत जोरात होतं. पाती बंदरावर यायची, तिथून कऱ्हाडपर्यंत महामार्गाने सुखात यायची आणि घाटाच्या पायथ्याशी येऊन अडायची. बॅटरीवर चालणारे पुलर सपाटीला वाऱ्यासारखे पळत, पण चढाला लागले की निम्मी ताकद स्वतःच्या बॅटऱ्या ओढण्यातच घालवत. म्हणून घाटासाठी हायड्रोजन जाळणारं इंजिन उरलं होतं आणि इंजिनाबरोबर त्याचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही.

आता हा गिअरबॉक्स म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही गरगरायला लागतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती साधारण अशीच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. सपाट रस्त्यावर दोन्ही पंखे जवळजवळ एकाच वेगाने फिरतात आणि सगळं आलबेल असतं. पण शंभर टनांचं ओझं घेऊन उभा चढ चढायचा म्हटलं की पहिला पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि दुसरा मागे रेंगाळतो. दोघांच्या वेगातला हा फरक कुठे जात नाही, तो तेलात उष्णता होऊन साठतो. तेल तापलं की पातळ होतं, पुढे काळं पडतं. पुढचे गिअर पकडून ठेवणाऱ्या प्लेटा मग एकमेकींवर घसरायला लागतात. घसरल्या की आणखी तापतात आणि तापल्या की आणखी घसरतात. गिअरबॉक्स मोडून मरत नाही, तो भाजून मरतो.

हे टाळायला गाड्यांमध्ये पूर्वीपासून लाल दिवा असतो. पण आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांची एक जुनी खोड आहे. दिवा सारखा लागायला लागला की ते त्याच्यावर चिकटपट्टी मारतात. कुणी भाविक असला तर देवाचं स्टिकर लावतो, म्हणजे दिवाही झाकला जातो आणि देवालाही जागा मिळते. सर्जेरावांच्या आधीच्या गाडीत त्या दिव्यावर ज्योतिबा होता. त्या गाडीचा गिअरबॉक्स भर चढात गेला तेव्हा ज्योतिबाच्या पाठीमागे दिवा इमानाने जळत होता.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ही खोड ओळखली आणि त्यावर तोडगा काढला. त्यांनी प्लेटांवर केसाहूनही पातळ असा एक थर चढवला. प्लेट जराशी जरी घासली तरी त्या थरातून विजेची बारीक कळ उठायची. गिअरबॉक्सचा मेंदू, म्हणजे आतला छोटा संगणक, अशा सगळ्या कळा जमा करायचा आणि या क्षणी आपलं आयुष्य किती वेगाने झिजतंय याचा हिशेब मांडायचा. झीज फार झाली की तो दिवा लावायचा नाही. ड्रायव्हरच्या कमरेला एक रुंद पट्टा असायचा, त्या पट्ट्यातून तो चिमटा काढायचा. आधी ऊब, मग ठसठस, मग सरळ चमक. स्वतःच्या कमरेवर चिकटपट्टी मारून कुणाला गप्प बसता येत नाही.

शिवाय तो मेंदू शिकायचा. कुठल्या ड्रायव्हरला किती जोरात आणि कुठे चिमटा काढला म्हणजे तो ऐकतो, हे त्याचं तो अनुभवाने ठरवायचा. कारण गाडी थांबवायचा अधिकार मात्र त्याला दिलेला नव्हता. एका बाजूला कडा आणि मागे नव्वद मीटरचं पातं असताना यंत्राने आपल्या मनाने ब्रेक लावावा, हे कुणालाच मंजूर नव्हतं. सांगायचं काम यंत्राचं, ऐकायचं काम माणसाचं.

व्यवस्था इतकी चांगली चालली की कंपनीच्या बाराच्या बारा पुलरांत ती बसवली गेली. ड्रायव्हरांच्या घरी मात्र तिच्यावरून बोलणी बसायला लागली. "गिअरबॉक्स कण्हला की लगेच गाडी बाजूला घेता, मी आठवडाभर पाठ धरून फिरतेय ते दिसत नाही," असं एकीने नवऱ्याला सुनावलं आणि ते हणमंतामार्फत साऱ्या घाटात पसरलं. सर्जेरावांना असं सुनवायला घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, लेक इस्लामपूरला नांदत होती. त्यांच्या कमरेची चौकशी करणारं माणूस एकच होतं आणि ते अकराव्या वळणावर घारगे तळत होतं.

शालनबाईही एकट्याच होत्या. नवऱ्यामागे हे हॉटेल त्यांनी एकटीने उभं केलं होतं आणि घाटातल्या यच्चयावत ड्रायव्हरांना त्या 'दादा' म्हणायच्या. हणमंतदादा, टँकरवाले दादा, दुधाचे दादा. बाईमाणसाने रस्त्यावर धंदा करायचा तर ही एक कुंपणासारखी गोष्ट असते, ती सगळ्यांना कळते आणि सगळे ती पाळतात. फक्त सर्जेरावांना त्या 'पाव्हणं' म्हणायच्या.

"काय पाव्हणं, दुखतंय का आज?"

"दुखतंय जरा."

"बसा मग. चहा टाकते."

एवढंच बोलणं व्हायचं. सर्जेराव बाकावर बसायचे, घारगा खायचे, तेल थंड होईस्तोवर पाऊसपाण्याच्या गोष्टी करायचे. मनात होतं ते ओठांवर येत नव्हतं. पन्नाशीच्या माणसाने, जावई असलेल्या माणसाने, कुणा बाईच्या दारात नुसतंच येऊन बसावं तर लोक काय म्हणतील? पण गाडी तापली म्हटल्यावर कोण काय म्हणणार? गाडी तापते. त्यात ड्रायव्हरचा काय दोष?

असं वर्षभर चाललं. हंगाम संपत आला, सड्यावर जेमतेम पाच-सहा पाती चढवायची राहिली आणि एके दिवशी अकराव्या वळणावर सर्जेरावांना हॉटेलचं दार लावलेलं दिसलं.

कढई पालथी, बाकडी एकावर एक. कमरेत नेहमीची चमक निघाली. सर्जेरावांनी पट्टीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय वो, टेकवताय ना?" वायरलेसवर हणमंत.

"न्हाई. चल पुढं."

"आन् गाडी?"

"हाय बरी."

कमरेत आणखी एक चमक आली. "आज न्हाई बाबा, आज कुणी न्हाई तिथं," असं म्हणून त्यांनी पाय दाबला. पुढे पंधराव्या वळणाच्या वरच्या चढात इंजिन एकदम मोकळं झाल्यासारखं किंचाळलं. काटा वर गेला, चाकं जागची हलेनात. प्लेटा घसरल्या होत्या. सर्जेरावांच्या पायाने डोक्याच्या आधी काम केलं, सगळे ब्रेक लागले, हणमंताने धावत येऊन चाकांमागे ओंडके टाकले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पातं रस्त्यात आडवं राहिलं, घाट संध्याकाळपर्यंत बंद पडला आणि दुसरा पुलर येऊन ओढून नेईस्तोवर सर्जेराव कठड्यावर मान खाली घालून बसून राहिले. हा पट्टा कमरेला आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची गाडी चढात अडकली होती, आणि तीही त्यांनी ऐकलं नाही म्हणून.

प्लेटा बदलून झाल्या आणि पुण्याहून शर्वरी मांडके आली. ज्या मंडळींनी तो पट्टा बनवला, त्यातली सगळ्यात तरुण इंजिनिअर. पाठीवर सॅक, केस वर बांधलेले, बोलणं भरभर. पायथ्याच्या तळावर तिने सर्जेरावांना नमस्कार केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"देवकरकाका, कंपनीचं म्हणणं आहे की पट्टा बेभरवशाचा आहे. तुमच्या गाडीत तो जवळजवळ प्रत्येक खेपेला अकराव्या वळणावर ओरडतो. इतर अकरा गाड्यांत तिथे एकही गिअरबॉक्स ओरडत नाही. मग तो खोटं सांगतो, असं ते म्हणतात. आणि खोटं सांगणारं यंत्र नको. पट्टे काढून टाकायचे आणि त्याऐवजी आपोआप थांबवणारा खटका बसवायचा, असं चाललंय."

"आपोआप म्हंजे? कुठंबी थांबनार?"

"जिथे तेल तापेल तिथे."

सर्जेरावांनी वर घाटाकडे पाहिलं. घाटात सातव्या आणि नवव्या वळणांच्या मध्ये माकडचढ नावाचा उभा तुकडा होता. तिथे रस्ता इतका अरुंद की पात्याचं शेपूट दरीवर लोंबत जायचं. तिथे गाडी मधेच आपल्या मनाने थांबली असती तर पुन्हा उचलताना मागे सरकली असती. बारा गाड्या, बारा ड्रायव्हर. सगळे ओळखीचे.

"मॅडम, तसं करू नका," ते म्हणाले.

"मलाही करायचं नाहीये. पण मग तो अकराव्या वळणावर का ओरडतो त्याचं कारण मला सापडायला हवं. आज मी तुमच्याबरोबर येते."

ती शेजारच्या सीटवर बसली. मांडीवर पडदा, पडद्यावर गिअरबॉक्सच्या पोटातली प्रत्येक कळ. तिने स्वतःच्या कमरेलाही एक पट्टा बांधला. पातं जोडलेलं होतंच. गाडी निघाली.

माकडचढ आला. इंजिन घुमायला लागलं, पडद्यावरच्या रेघा वर चढल्या, लाल झाल्या. शर्वरीने कमरेला हात लावून पाहिला. काहीच नाही. ऊबसुद्धा नाही.

"काका, तुम्हाला काही जाणवतंय?"

"काय न्हाई."

"इथे प्लेटा मरणाच्या घासतायत. आणि हा गप्प?"

तिने पडद्यावर जुन्या खेपा काढल्या आणि एकेक करून चाळल्या. दहावं वळण गेलं. रस्ता सैल झाला, रेघा हळूहळू खाली आल्या, हिरव्या झाल्या. अकरावं वळण दिसायला लागलं आणि दोघांच्याही कमरेत एकदम चमक निघाली. शर्वरी जागच्या जागी उडाली.

सर्जेरावांचा हात सवयीने वायरलेसकडे गेला. मग त्यांना बाजूला बसलेली मुलगी आठवली आणि हात तिथेच थबकला. हॉटेल आज उघडं होतं. कढईतून धूर निघत होता. शेवटी त्यांनी गाडी पट्टीवर घेतली.

"काय पाव्हणं, आलात?" शालनबाई बाहेर आल्या. "परवा मी नव्हते तर ऐकलं काय ते. धड आहात ना?"

"धड हाय. तुमी कुठं गेलावता?"

"कऱ्हाडला, भावाकडं. तो म्हणतोय, आता पाती संपली, गाड्या थांबायच्या बंद होतील, हॉटेल मोड आन् ये इकडंच राहायला. दिवाळीपर्यंत काय ते सांगते म्हणालेय." त्यांनी पदराला हात पुसले आणि सर्जेरावांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

सर्जेरावांनी घारग्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "भाऊ म्हणतोय तर बगा."

शालनबाई कढईकडे वळल्या.

शर्वरीने चहाचा घोट घेतला, त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पडदा मिटला. पुण्याची असली तरी डोळे जाग्यावर होते.

वर सड्यावर पातं उतरवून रिकामी गाडी परत निघाली तेव्हा ती म्हणाली, "काका, मला कारण सापडलं. अर्धं. गिअरबॉक्स खोटं बोलत नाहीये."

"न्हाई?"

"नाही. त्याला खरंच दुखतं. पण माकडचढावर. गेल्या वर्षी सुरुवातीला तो तिथेच सांगायचा तुम्हाला, मी जुन्या खेपा बघितल्या. तुम्ही ऐकलं नाहीत. पाय आणखी दाबलात. सातव्या वळणापासून दहाव्यापर्यंत तुम्ही इतर ड्रायव्हरांपेक्षा कितीतरी जोरात गाडी हाणता. त्याने दहा-वीस वेळा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. अकराव्या वळणावर मात्र नुसती ऊब दिली तरी तुम्ही थांबता. मग तो काय शिकणार? जिथे आपलं कुणी ऐकत नाही तिथे सोसायचं, आणि जिथे ऐकतात तिथे येऊन सगळं एकदम सांगायचं."

सर्जेराव रस्त्याकडे बघत राहिले. त्यांना एकाएकी त्या पोलादी पेटीची दया आली. बिचारं वर्षभर निमूट कळ सोसून माकडचढ चढत होतं, अकराव्या वळणाच्या आशेवर.

"परवा हॉटेल बंद होतं, तुम्ही थांबला नाहीत, आणि त्याचं ते साचलेलं दुखणं वर जाऊन बाहेर पडलं," शर्वरी म्हणाली. "आता उरलेलं अर्धं कारण. तुम्ही तिथेच का थांबता, आणि त्याआधी एवढी घाई कशाची करता? हे मला सांगावं लागेल काका, नाहीतर पट्टे निघणार."

बरीच वळणं खाली गेली. मग सर्जेराव बोलायला लागले ते तुटक तुटक, काचेकडे बघून.

"त्याचं असं हाय मॅडम... घाटाची येळ बांधून दिल्याली असती. खाली अमक्या टायमाला सुटायचं, वर तमक्याला पोचायचं. मधी थांबलं की तेवढं कमी पडतं. म्हनून मग आधीच जरा रेटतो. म्हंजे तिथं... जरा जास्त बसाया मिळतं."

"कुठं बसायला?"

"आता सगळंच माझ्या तोंडून काढनार का वो?" ते काकुळतीला आले आणि कानापर्यंत लाल झाले.

शर्वरीने हसू दाबायचा प्रयत्न केला. मग दाबला नाही. खिडकीला डोकं टेकवून ती पोटभर हसली आणि त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने सर्जेरावही हसले. वर्षभराचं ओझं बोलून टाकल्यावर त्यांना कमरेचा पट्टा सैल केल्यासारखं वाटलं.

"पर मॅडम, त्यांचं नाव कुठं येऊ देऊ नका. मला म्हना काय म्हनायचं ते. त्यांचा काय दोष न्हाई."

"नाव नाही येणार. ड्रायव्हर स्वतःच्या कारणाने एका ठिकाणी थांबायचा आणि यंत्र त्याच्याकडून चुकीचं शिकलं, एवढंच सांगेन. दोष शिकवण्याचा आहे, पट्ट्याचा नाही. पुढच्या पट्ट्यांत आम्ही अशी तजवीज करू की ऐकलं नाही तरी त्याने जागच्या जागी सांगायचं सोडू नये. पण तुमच्या गाडीचा मेंदू मला पुसावा लागेल. कोरा. तो पुन्हा नव्याने शिकेल, आणि या वेळी तुम्ही त्याचं जिथल्या तिथे ऐकायचं."

"ऐकीन."

"आणि अकराव्या वळणावर तो बोलणार नाही, काका. तिथे त्याला दुखायचं कारणच नाही."

हे मात्र सर्जेरावांच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला शर्वरी पुन्हा शेजारी बसली, मेंदू नीट शिकतोय ना ते पाहायला. कोरा मेंदू नव्या पोरासारखा बोलका होता. पाचव्या वळणावरच ऊब आली. सर्जेरावांनी लगेच पाय उचलला, ऊब गेली. माकडचढाच्या तोंडाशी ठसठस सुरू झाली. त्यांनी गिअर खाली घेतला, वेग चालण्याइतका केला आणि म्हणाले, "सांग बाबा सांग, ऐकतोय." मागे टँकर, एसट्या, जीपा यांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. सर्जेरावांनी हूं की चूं केलं नाही. पडद्यावरच्या रेघा पिवळ्याच्या वर गेल्या नाहीत.

दहावं वळण. रस्ता सैल. तेल निवत आलेलं.

अकरावं वळण दिसायला लागलं. सर्जेरावांचं सगळं लक्ष कमरेत होतं. काही नाही. त्यांनी पाठ जरा सीटला घासून पाहिली. काहीच नाही. गाडी ठणठणीत होती, इतकी ठणठणीत की त्यांना तिचा राग आला. आज वेळही हातात नव्हती, माकडचढावर सगळी संपली होती. समोर पायलट जीप न थांबता पट्टीवरून पुढे निघाली, कारण हणमंताला कुणी काही सांगितलं नव्हतं.

हॉटेलच्या दारात शालनबाई उभ्या होत्या. पुलर पट्टीजवळ आला, वेग कमी झाला नाही, हे त्यांना दिसलं. त्या वळून आत जायला लागल्या.

शर्वरी पडद्यात डोळे घालून बसली होती.

पट्टी अर्धी मागे पडल्यावर सर्जेरावांनी ब्रेक दाबला.

उशिरा दाबला. पुलर पट्टीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन थांबला आणि पात्याचं शेपूट मागे वळणातच आडवं राहिलं. मागची सगळी रांग जागच्या जागी खिळली. वायरलेसवर हणमंताचा आवाज खरखरला.

"काय वो देवकर? तापली काय?"

सर्जेरावांनी बटण दाबलं. त्या वायरलेसवर त्या दिवशी घाटातले तिन्ही पुलर, दोन्ही जीपा आणि सड्यावरचा साहेब एवढे लोक होते.

"गाडी तापल्याली न्हाई," ते म्हणाले. "गाडीला काय झाल्यालं न्हाई. माझं काम हाय. मी थांबलोय."

मग हणमंत म्हणाला, "थांबा, थांबा. मी मागच्या गाड्यांना सांगतो कायतरी." या वेळी त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

सर्जेराव उतरले. हॉटेल आता शंभर पावलं मागे राहिलं होतं. तेवढं अंतर सगळ्या हॉर्नच्या आणि एसटीच्या खिडक्यांतून बाहेर आलेल्या डोक्यांच्या समोरून चालत जायचं होतं. आयुष्यभर घाट चढलेल्या त्या माणसाला सपाट पट्टीवर धाप लागली.

शालनबाई दारात परत आल्या होत्या. हातात झारा तसाच.

"काय झालं गाडीला?"

"काय न्हाई."

"मग दुखतंय का?"

"न्हाई. आज काय दुखत न्हाई." सर्जेरावांनी एकदा मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. "परवा तुमी इचारलं, मला काय वाटतं. मी चुकीचं बोललो. कऱ्हाडला जाऊ नका. मला तुमी इथं... म्हंजे इथंच पायजेल असं न्हाई. कुठंबी. पर माझ्यासंगं."

मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. शालनबाईंनी तिकडे बघितलंच नाही. डोळे भरून आले होते ते त्यांनी पुसायचीही तसदी घेतली नाही.

"हॉटेल मी मोडणार नाही," त्या म्हणाल्या.

"मोडू नका."

"पाती संपली की तुमची गाडी कुठं जाईल?"

"जाईल तिकडं जाईल. मी हितं येत जाईन. रिकाम्या हातानं, एसटीनं."

"वरीसभर," शालनबाई म्हणाल्या, "बाकीच्या अकरा गाड्या इथनं सुसाट जायच्या. तेच यंतर, तीच पाती. तुमचीच तेवढी रोज आजारी. मला काय कळत नव्हतं होय? मी वाट बघत होते, हा माणूस कधीतरी बऱ्या गाडीनं येतोय का ते." त्यांनी झारा खाली ठेवला. "भावाला आजच कळवते. येत नाही म्हणून. आता जा, लोकांचा खोळंबा झालाय."

"चहा?"

"उतरताना. तेव्हा रिकामी असती गाडी."

सर्जेराव परत गाडीत चढले तेव्हा शर्वरी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, चढाच्या तोंडाशी थांबलोय आपण. एवढं वजन जागेवरून उचलायचं म्हणजे आता त्याला खरंच त्रास होणार आहे."

"ठाव हाय."

त्यांनी हळूच ब्रेक सोडला. पुलर कण्हत हलला आणि कमरेत ठसठस उठली, मग चमक, खरीखुरी, घाम फोडणारी. मागे अख्खा घाट हॉर्न वाजवत होता. पुढे पंधराव्या वळणाचा चढ होता. सर्जेरावांनी पाय उचलला, ठसठस कमी होईस्तोवर वाट पाहिली, मग जरासा दाबला, पुन्हा उचलला. दुखणं निवलं तशी गाडी चालण्याच्या वेगाने चढाला लागली आणि वर पोचेपर्यंत त्यांनी कसलीही घाई केली नाही.